वॉटसन हॉटेलचा इतिहास आणि ताजची दंतकथा

मुंबईत काळा घोडा येथे असलेल्या एस्प्लनेड मॅन्शनची, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलची, माहिती बहुधा एकाच कथेने सुरू होते: जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून त्यांनी ताज हॉटेल उभारले. या कथेला भक्कम समकालीन पुरावा नाही. उलट, जमशेटजींना ओळखणारे पत्रकार लोव्हॅट फ्रेझर यांनी हॉटेलची कल्पना त्यांच्या मनात दीर्घकाळ घोळत होती, असे नोंदवले आहे.

वास्तूचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी या कथेची मुळीच गरज नाही. इंग्लिश अभियंते रोलँड मेसन ऑर्डिश यांच्या आराखड्यानुसार इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून १८६० च्या दशकात ही इमारत जोडली गेली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलतचित्रांचा भारतातील पहिला खेळही येथेच झाला. म्हणूनच, इमारत पाडण्याचा प्रस्ताव येऊन गेलेला असताना, खांब आणि तुळयांचे सांधे, मूळ सज्जे, नंतर घातलेल्या भिंती आणि गंजलेले भाग मोजून, रेखाटून व छायाचित्रित करून ठेवणे मला अत्यंत निकडीचे वाटते. ताजची कथा नोंदीत घ्यायचीच असेल, तर ती ‘आख्यायिका’ या स्वतंत्र मथळ्याखालीच घ्यावी.