घरगुती बिअरमधील अपुरे कार्बनीकरण

घरी आंबवून बाटलीत भरलेल्या बिअरमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड वायू पुरेसा न विरघळणे, हा घरगुती बिअरनिर्मितीत सर्रास आढळणारा दोष आहे. अशी बिअर जिभेला चुरचुरत नाही, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडसरपणा अंगावर येतो आणि एकूण चव मिळमिळीत लागते. फेस न टिकणे हा मात्र निराळा दोष होय. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल, तर भरपूर वायू असलेल्या बिअरचाही फेस लगेच बसतो. त्यामुळे आधी स्वच्छ विसळलेल्या ग्लासात ओतून पाहावे.

कारखान्यात बहुतेक बिअरमध्ये वायू दाबाखाली मिसळतात. घरी तेच काम यीस्टकडून करवून घेतात. मुख्य किण्वन (आंबण्याची क्रिया) पूर्ण झाल्यावर बिअरमध्ये मोजकी साखर घालून बाटली घट्ट बंद केली, की उरलेले यीस्ट ती साखर आंबवते. तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो द्रवात विरघळतो. शॅम्पेनमधले बुडबुडेही बाटलीतल्या अशाच दुसऱ्या किण्वनातून येतात.

वायू ‘आकारमाना’त मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू (० अंश सेल्सिअस व वातावरणाच्या दाबाला मोजलेला) असेल, तर ते एक आकारमान. पारंपरिक इंग्लिश एलमध्ये (एल म्हणजे उबेला आंबवलेली बिअर) ते साधारण १.५ ते २, अमेरिकन एलमध्ये २.२ ते २.७ आणि बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्ये ३.३ च्याही वर असते. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ आकारमान वायू आधीच असतो. उरलेला साखरेतून आणायचा, आणि लिटरमागे चार ग्रॅम साखर साधारण एक आकारमान वायू देते. म्हणजे २० लिटर बिअर २.४ आकारमानापर्यंत न्यायची, तर स्वयंपाकघरातली साखर सुमारे १२० ग्रॅम लागते. ग्लुकोज पावडर वापरल्यास सुमारे १४० ग्रॅम, कारण तिच्यात थोडे पाणी बांधलेले असते. ही साखर चमच्याने नव्हे, काट्यावर तोलावी.

दोष दिसला की साखर कमी पडली असा तर्क बहुतेक जण पहिल्यांदा करतात. प्रत्यक्षात साखर क्वचितच दोषी असते. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ऊब किंवा सवड. एल जातीचे यीस्ट १८ ते २४ अंशांत दोन ते तीन आठवड्यांत काम उरकते, पण १५ अंशांखाली ते सुस्तावते. हिवाळ्यात इडलीचे पीठ ओट्यावर रात्रभर ठेवले तरी फुगत नाही आणि उबेला ठेवले की वर येते. त्यातलाच हा प्रकार. थंड तळघरातल्या बाटल्या उबदार खोलीत आणाव्यात, तळाशी बसलेले यीस्ट वर येईल इतक्या हलकेच उलटसुलट कराव्यात आणि दोन आठवडे थांबावे. आठ-नऊ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या बिअरला महिने लागू शकतात. तेवढ्या मद्यार्कात यीस्टही थकलेले असते.

झाकण उघडताना ‘फस्स’ आवाज येतो, तरी बिअर मिळमिळीत लागते, असेही होते. वायू बाटलीच्या मानेत साठलेला असतो, पण द्रवात पुरता उतरलेला नसतो. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, म्हणून अशी बाटली तासाभरापुरती नव्हे, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी.

आवाजच येत नसेल, तर झाकण तपासावे. ‘क्राउन कॅप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दातेरी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट अमेरिकेत विल्यम पेंटर यांना १८९२ मध्ये मिळाले. आजही बहुतेक बाटल्यांना २६ मिलिमीटरचे, तर काही युरोपीय बाटल्यांना २९ मिलिमीटरचे झाकण लागते. पिळून उघडायच्या बाटल्यांच्या आटेदार तोंडावर साधे झाकण नीट बसत नाही. तारेच्या खटक्याच्या बाटल्यांत रबराचे वायसर कडक झाले, तरी वायू निसटतो.

ऊब, सवड आणि झाकण तिन्ही ठीक असूनही महिन्याभरात फरक पडला नाही, तरच यीस्टकडे वळावे. बिअर कित्येक महिने थंडीत मुरवली असेल, तर यीस्ट जवळपास सगळे खाली बसलेले असते. अशा बाटल्यांत कोरड्या यीस्टचे मोजके दाणे टाकून लगेच नवे झाकण लावतात. साखर नक्की राहून गेली, हे ठाऊक असल्याशिवाय ती पुन्हा घालू नये. सुस्त यीस्ट नंतर जागे झाले, तर दोन्ही वेळची साखर आंबते आणि काचेची बाटली फुटते. त्या काचांनी माणसे जखमी झालेली आहेत. बिअर पुन्हा बादलीत ओतून भरण्याची कल्पनाही वाईटच, कारण हवेशी आलेल्या संपर्काने तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याविना घरी बिअर करता येते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्य पातळीवर तशी मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली विनापरवाना मद्य तयार करणे गुन्हा आहे.

एकाच घाण्यातल्या काही बाटल्या मिळमिळीत आणि काही उसळणाऱ्या निघाल्या, तर साखर सारखी मिसळलेली नसते. साखर थोड्या पाण्यात उकळून, तो पाक भरण्याच्या बादलीत आधी ओतून त्यावर बिअर सोडली आणि निर्जंतुक पळीने हलके ढवळले, तर असे होत नाही. एकदा झालेल्या घाण्यात मात्र कोणत्या बाटलीत किती साखर गेली, हे बाहेरून कळत नाही. म्हणून त्या सगळ्याच बाटल्या जाड कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि पुऱ्या गार झाल्यावर मोरीत धरून उघडाव्यात.