आगीत गेलेल्या संग्रहाचा विमा दावा : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

आग विझली की हात आपसूक झाडूकडे जातो. तो आवरा. काळी पडलेली नाणी, कडा जळालेली पोस्टाची तिकिटं, वितळलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यात अडकलेलं पदक हाच तुमचा पहिला पुरावा. विमा कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेला सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत यातलं काहीही कचऱ्यात जाऊ देऊ नका.

आधी पात्रता तपासा. मूळ पॉलिसी जळाली असेल तर कंपनीकडून प्रत मिळते. विमा फक्त इमारतीचा असेल, तर संग्रहाचे पैसे मिळत नाहीत. घरातल्या सामानाचाही विमा लागतो. तो असला तरी ‘मौल्यवान वस्तू’ या सदराची मर्यादा बघा. बऱ्याच पॉलिसींत एका वस्तूला कमाल किती आणि सदराला एकूण किती, हे ठरलेलं असतं. काहींत नाणी, तिकिटं, चित्रं नावानिशी नोंदवलेली नसतील तर धरलीच जात नाहीत. म्हणून पॉलिसीच्या परिशिष्टातली यादी वाचा, जाहिरातीचं पत्रक नव्हे. यादीत वस्तू असेल आणि तिची किंमत विमा घेतानाच दोघांनी मान्य केलेली असेल, तर निम्मं काम झालं. नाहीतर आगीच्या वेळचा बाजारभाव तुम्हाला दाखवावा लागतो. आजोबांनी हातावर ठेवलेलं नाणं आणि परवा विकत घेतलेलं तसंच नाणं, दाव्यात दोघांचा भाव एकच.

एक फटका अनेकांच्या लक्षात येत नाही. संग्रहाची खरी किंमत 100 आणि विमा 60 चाच असेल, तर सरासरीचं कलम (विमा जितका कमी, तितकी भरपाई कापणारं) असलेल्या पॉलिसीत 30 च्या नुकसानीला 18 च मिळतात.

आगीची खबर कंपनीला लगेच द्या, क्लेम नंबर लिहून घ्या. दाव्याच्या अर्जासोबत अग्निशमन दलाचा अहवाल, ओळखपत्र, बँकेचा तपशील आणि जळालेल्या-खराब झालेल्या वस्तूंची यादी लागते. आग संशयास्पद असेल तर पोलिसांकडची नोंदही मागतात. बंबाच्या पाण्याने भिजलेलं आणि धुराने खराब झालेलं सामान सहसा याच दाव्यात बसतं, ते विसरू नका.

खरी मेहनत यादीची. ‘जुनी नाणी, सुमारे 200’ असं लिहिलं की सर्व्हेअरचा पेन थांबतो. प्रत्येक वस्तूला एक ओळ: काय, कोणत्या सालचं, कोणत्या अवस्थेत, कधी घेतलं, किती किमतीला, पुरावा कोणता. पावती, लिलावाचं बिल, प्रमाणपत्राचा क्रमांक, बँकेतली नोंद, विक्रेत्याशी झालेला ईमेल, सगळं चालतं. काहीच उरलं नसेल तर घरचे जुने फोटो चाळा. वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागे काचेचं कपाट दिसतं, त्यातला वरचा कप्पा मोठा करून बघा. नातेवाइकांच्या फोनमध्ये असे फोटो हमखास सापडतात. किमतीसाठी त्याच दर्जाच्या वस्तूंच्या झालेल्या विक्रीचे भाव जोडा. विक्रेत्यांनी मागितलेले भाव कंपनी सहजासहजी मान्य करत नाही.

वाचलेल्या वस्तूंना जपणं हीसुद्धा तुमची जबाबदारी धरली जाते. ओल्या कागदाला साधारण 48 तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे फोटो काढून, कंपनीला लेखी कळवून तो वाळवायला किंवा गोठवून ठेवायला द्या. नाण्यांवरची काजळी मात्र घासू नका. घासल्याने पडलेले ओरखडे किंमत उतरवतात, आणि ती घट आगीच्या खात्यावर मांडता येत नाही.

सर्व्हेअर घसारा लावेल, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून किंमत कापेल. सोफ्याला तो योग्यच, पण दुर्मिळ तिकिटाचा भाव वयाने उतरत नाही. सवयीने लावलेला दिसला तर विक्रीचे भाव जोडून लेखी हरकत घ्या. चार तिकिटांच्या संचातलं एकच जळालं तर भरपाई एकाची की साऱ्या संचाची, हे पॉलिसीतल्या जोडी-संचाच्या कलमावर ठरतं.

देऊ केलेली रक्कम अपुरी वाटली तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही करू नका; मान्य भागाचे पैसे आधी मागा, बाकीचा वाद चालू ठेवा. आणि पैसे मिळाल्यानंतर ढिगाऱ्यात एखादं नाणं शाबूत सापडलं, तर ते कंपनीला कळवावं लागतं. भरपाई दिलेल्या वस्तूवर सहसा कंपनीचा हक्क असतो. परत हवं असेल तर रक्कम वळती करून ठेवता येतं का, ते विचारा.