मोठ्या बोअरची जुनी रिव्हॉल्व्हर : संग्रह आणि नेमबाजी

साधारणतः .४४ इंच किंवा त्याहून मोठ्या बोअरची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनलेली रिव्हॉल्व्हर जमवणे आणि कायदा परवानगी देईल तेथे ती चालवणे, हा मुख्यतः अमेरिकेत व ब्रिटनमध्ये रुजलेला छंद आहे. बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास, आणि तो इंचाच्या दशांशांत सांगण्याची इंग्रजी पद्धत हिंदुस्थानातील परवान्यांवरही उतरलेली आहे. या छंदाचा एक पाय संग्रहालयात आणि दुसरा मैदानावर असतो. वस्तू जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच राहावी ही संग्राहकाची इच्छा, तर तिच्यातून बार निघावा ही नेमबाजाची इच्छा, आणि या दोन इच्छा पुष्कळदा एकाच माणसाच्या मनात नांदत असल्या तरी त्यांचे एकमेकींशी फारसे जमत नाही.

मोठ्या बोअरची परंपरा अमेरिकेत कोल्टच्या १८४७ च्या वॉकर रिव्हॉल्व्हरपासून मोजली जाते. दोन किलोहून जड असलेली ही .४४ बोअरची रिव्हॉल्व्हर घोडेस्वाराने खोगिराला बांधून न्यायची होती, आणि ती ठासणीची होती, म्हणजे फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात दारू व गोळी वेगवेगळी ठासावी लागे. अशी सुमारे ११०० च बनली. त्यांपैकी एक २०१८ मध्ये अमेरिकेतील लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेली. काडतुसाच्या काळातले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे १८७३ ची कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी. तिचा घोडा, म्हणजे काडतुसावर आदळून बार काढणारा मागचा हातोडा, अंगठ्याने मागे ओढताना ओळीने चार टकटक आवाज होतात, आणि कोल्ट या नावाची रोमन अक्षरेही चारच, असे तिचे चाहते कौतुकाने सांगतात. घोड्याखालचे घर रिकामे ठेवून तिच्यात पाचच काडतुसे भरण्याची रीत आहे, कारण काडतुसावर टेकलेल्या घोड्याला धक्का बसला तर बार उडू शकतो. बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला ज्या कोल्टने मारले ती शेरीफ पॅट गॅरेटची रिव्हॉल्व्हर २०२१ मध्ये ६० लाख डॉलरच्या वर विकली गेली. मात्र ती किंमत घटनेची होती. तशाच घडणीची पण बेनामी कोल्ट त्याच्या एका क्षुल्लक अंशात मिळते.

ब्रिटिश बाजूला हा छंद जवळजवळ एकाच कारखान्याभोवती फिरतो, तो म्हणजे बर्मिंगहॅमचा वेब्ली. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने वेब्लीची मार्क १ रिव्हॉल्व्हर स्वीकारली. त्यानंतरच्या आवृत्त्यांपैकी मार्क ४ ला दक्षिण आफ्रिकेतील बोअर (डच वंशाच्या) लोकांशी झालेल्या युद्धाच्या नावाने ओळखतात, तर १९१५ मध्ये आलेली सहा इंची नळीची व चौकोनी मुठीची मार्क ६ ही पहिल्या महायुद्धातील खंदकांची रिव्हॉल्व्हर ठरली. मार्क ६ ची संख्या तीन लाखांच्या घरात गेली. १९२० च्या दशकात एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यानेही ती बनवली. १९३२ मध्ये सैन्याने .३८ बोअरची हलकी रिव्हॉल्व्हर अधिकृत केली, तरी .४५५ ची मार्क ६ दुसऱ्या महायुद्धातही अनेकांच्या कमरेला होतीच.

या सहाबारीचे खरे आकर्षण तिच्या मधोमध मोडण्यात आहे. घोड्याच्या डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी व चक्री धरून ठेवणारी जाड लोखंडी कडी मागे सरते, नळी बिजागरीवर खाली झुकते, आणि चक्रीच्या मधून चांदणीच्या आकाराचा तुकडा वर येऊन सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकतो. एकेक पुंगळी गजाने ढकलून काढावी लागणाऱ्या कोल्टच्या तुलनेत हे काम फारच झटपट होते. त्यातही एक खोड आहे. नळी हळूच मोडली, तर एखाद्या पुंगळीची कड चांदणीखाली घसरते आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा मिटत नाही. म्हणून मुरलेला नेमबाज ती दणक्यात मोडतो, हळुवारपणा येथे कामाचा नाही. चक्रीच्या पुढे नळीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे उतार दिलेले आहेत. त्यांचा उपयोग एवढाच, की कातडी म्यानात परत घालताना चक्रीची कड अडकू नये. मुठीच्या तळाशी दोरीची कडी आहे, कारण घोड्यावरून पडलेले हत्यार परत मिळत नाही. वापरणाऱ्याची गरज अशी लोखंडात वाचता येणे, हे या छंदाचे अर्धे सुख आहे.

चालवण्याचा अनुभव ऐकीव कल्पनेपेक्षा वेगळा असतो. मोठी गोळी म्हणजे हात उखडणारा झटका, असा समज असतो, पण.४५५ ची गोळी सुमारे १७ ग्रॅम वजनाची असूनही तिचा वेग सेकंदाला १८० ते १९० मीटरच, म्हणजे आजच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीच्या साधारण निम्मा. रिव्हॉल्व्हरचे स्वतःचे वजन एक किलोच्या वर असल्याने मागे येणारा धक्का तीक्ष्ण नसून संथ असतो. तळहाताला कुणी ढकलावे तसा, आणि नळी सावकाश वर उठते. घोडा आधी अंगठ्याने चढवून चाप ओढला तर तो हलका व स्वच्छ सुटतो. नुसत्या चापाने घोडा चढवून बार काढायचा, तर बोटाला चांगलीच ताकद लावावी लागते आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा, नेमावरून हलते. वीस-पंचवीस मीटरवरच्या कागदी लक्ष्यात पडलेले भोक मात्र चष्म्याशिवायही दिसते. पन्नाशी ओलांडलेल्या नेमबाजांना मोठ्या बोअरचे जे प्रेम असते, त्यात याचाही वाटा असावा.

गोळी इतकी मोठी का केली, याचे उत्तर तांत्रिक आहे आणि राजकीयही. वेग वाढवता येत नव्हता, कारण सुरुवातीची काडतुसे काळ्या दारूची होती. म्हणून वजन व व्यास वाढवला गेला. अंगावर धावून येणारा माणूस जागीच थांबला पाहिजे, ही मागणी सुदान, दक्षिण आफ्रिका आणि वायव्य सरहद्दीवरील अधिकाऱ्यांची होती. १८९८ मध्ये तर पुढून खोलगट, शरीरात फुटून पसरणारी .४५५ गोळी सैन्यात आली आणि हेग परिषदेत अशा गोळ्यांना झालेल्या विरोधानंतर मागे घेण्यात आली. संग्राहकांच्या लिखाणात या गोळीचे वर्णन निव्वळ काडतुसाचा एक प्रकार म्हणून येते. ती कोणासाठी बनवली होती हे भारतीय वाचकाला सांगावे लागत नाही.

याच सरहद्दीशी या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण यंत्राचा संबंध आहे. जॉर्ज फॉस्बेरी या बंगालच्या सैन्यातील अधिकाऱ्याला १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. निवृत्तीनंतर त्याने १८९५ च्या सुमारास स्वयंचलित रिव्हॉल्व्हरची कल्पना पुढे आणली आणि वेब्लीने ती १९०१ पासून बनवली. हिच्यात बाराच्या धक्क्याने नळी व चक्रीसह वरचा सगळा भाग मुठीवरच्या खाचेतून मागे सरकतो, घोडा आपोआप चढतो, आणि चक्रीवर कोरलेल्या नागमोडी खाचांमुळे पुढचे घर नळीसमोर येते. मनगट घट्ट धरले नाही तर ती नीट चालत नाही, आणि चिखलाचे तिला वावडे. त्यामुळे युद्धात ती फारशी उपयोगी ठरली नाही. एकूण पाच हजारांहून कमीच बनली. आज मात्र वेब्लीच्या संग्राहकाला एकच निवडायला सांगितली तर तो बहुधा हीच निवडेल.

संग्राहक रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर आधी नेम धरत नाही, शिक्के वाचतो. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचे टोक ठोकलेले असते. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती वस्तू सरकारने विकून टाकलेली असते. १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या, बंदुकांची मजबुती तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के नळीवर व चक्रीच्या प्रत्येक घराशेजारी असतात. अधिकाऱ्यांना रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घ्यावी लागे, म्हणून दुकानांची नावेही सापडतात. आर्मी अँड नेव्ही संस्थेचे नाव कोरलेल्या वेब्ली आजही बाजारात येतात, आणि याच संस्थेच्या मुंबई शाखेची इमारत काळा घोडा परिसरात उभी आहे. कोल्टच्या बाबतीत क्रमांक कळवून शुल्क भरल्यास ती कोणत्या दिवशी कोणाकडे रवाना झाली, याचे पत्र कंपनीच्या दप्तरातून मिळते. मूळ निळा-काळा मुलामा झिजलेला चालतो. तो हौसेने पुन्हा चढवलेला चालत नाही, कारण घासताना शिक्क्यांच्या कडा बोथट होतात आणि किंमत कोसळते.

संग्राहक आणि नेमबाज यांच्यातले भांडण वेब्लीच्या चक्रीवर अक्षरशः कोरले गेले आहे. १९५० व १९६० च्या दशकांत ब्रिटनमधील जुन्या मार्क ६ अमेरिकेत स्वस्तात विकायला गेल्या, पण .४५५ ची काडतुसे तेथे मिळेनात. मग विक्रेत्यांनी चक्रीची मागची बाजू खरवडून पातळ केली, म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्टीत (क्लिपमध्ये) बसवलेली अमेरिकन .४५ पिस्तुलाची काडतुसे तिच्यात बसतील. बसली, पण त्या काडतुसांचा दाब वेब्लीच्या ताकदीबाहेरचा आहे. परीक्षागृहात एकदाच मुद्दाम उडवल्या जाणाऱ्या जादा दाबाच्या काडतुसाची बरोबरी करणारा. अशी प्रत्येक रिव्हॉल्व्हर लगेच फुटते असे नाही, परंतु कडी सैल होते, चक्री डुगडुगते, आणि क्वचित घराला तडाही जातो. अशा प्रकारे एकाच कापाने ती संग्राहकाच्या दृष्टीने बाद झाली आणि नेमबाजाच्या दृष्टीने धोकादायक.

खरवडलेली नसलेली वेब्ली चालवणारे इटलीतील फिओक्कीची .४५५ काडतुसे वापरतात किंवा घरी स्वतः भरतात. येथेही एक बारकावा आहे. अनेक वेब्लींमध्ये चक्रीच्या घराचे तोंड नळीपेक्षा किंचित अरुंद असते. गोळी तेथे आवळली जाते आणि नळीत शिरल्यावर सैल पडते. म्हणून मूळ गोळी मऊ शिशाची व बुडाशी पोकळ असे. दाबाने तिची कड फुगून नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना घट्ट बसावी अशी ती योजना होती. कठीण शिशाची भरीव गोळी घातली की नेम चुकतो आणि दोष बिचाऱ्या रिव्हॉल्व्हरला दिला जातो. ज्यांना जुन्या वस्तूला हात लावायचाच नाही, ते इटलीच्याच उबेर्तीने बनवलेल्या कोल्टच्या प्रतिकृती चालवतात. अमेरिकेतील काउबॉय पोशाखातल्या नेमबाजी स्पर्धा मोठ्या प्रमाणावर त्यांवरच चालतात.

कायद्याने हा छंद प्रत्येक देशात वेगळ्या आकाराचा केला आहे. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेले हत्यार संघराज्याच्या कायद्यानुसार पुराणवस्तू ठरते आणि त्याला बंदुकीचे नियम लागू होत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९६ मधील डन्ब्लेन येथील शाळेतील हत्याकांडानंतर १९९७ मध्ये रिव्हॉल्व्हर व पिस्तुले बाळगण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. ऐतिहासिक महत्त्वाच्या हत्यारांसाठी दोन वाटा ठेवल्या गेल्या : घरी ठेवायचे, पण काडतुसांशिवाय, किंवा चालवायचे, पण ते बिस्ले येथील नेमबाजी केंद्रासारख्या नेमून दिलेल्या ठिकाणीच कुलपात ठेवून. संग्राहक व नेमबाज यांच्यातली दरी अशी तेथे कायद्याच्या कलमांतच आली. कालबाह्य काडतुसांची हत्यारे पुराणवस्तू म्हणून परवान्याविना ठेवता येत. पण गुन्हेगार ती वापरू लागल्याने २०२१ मध्ये.४४ रशियनसह सात काडतुसे त्या यादीतून वगळण्यात आली.

भारतात हा छंद जवळजवळ नाही, आणि त्याचे एक कारण जुने आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली, त्यामुळे.४५५ वेब्ली ही साहेबाच्या कमरेची वस्तू राहिली. स्वातंत्र्यानंतर .३८ व .४५५ ही बोअर सर्वसामान्यांसाठी प्रतिबंधित राहिली, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात थांबली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. दुरुस्ती करूनही चालणार नाही असे जुनाट हत्यार १९५९ च्या कायद्यातून वगळलेले आहे, पण त्यात नेमबाजाला हवे ते काहीच उरत नाही. परिणामी येथील हौस .३२ बोअरच्या विलायती वेब्लीकडे वळली आणि जुन्या तुकड्यांचे भाव लाखांत गेले. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच वळणाची आहे; खटका दाबला की तिचीही नळी खाली मोडते आणि पुंगळ्या एकदम वर येतात.