जुनी आरएक्स १०० किंवा आरडी ३५० नावावर करताना कागद कुठे अडतात

यामाहाची आरएक्स १०० एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवली. आरडी ३५०, म्हणजे आपली राजदूत ३५०, त्याच्या दोन वर्षं आधी आली. विक्रीला येणारी सगळ्यात 'नवी' आरएक्स १०० सुद्धा आज तिशीला टेकलेली असते. तरी लोक आवाज ऐकून, टाकीची चमक बघून बयाणा देतात आणि आरसी शेवटी मागतात. मग आरटीओत खेटे सुरू होतात.

बयाणा देण्याआधी नंबर परिवहन संकेतस्थळावर टाकून बघा. गाडी दिसलीच नाही तर तिची नोंद अजून जुन्या रजिस्टरमध्येच आहे. ती संगणकावर चढवायला बॅकलॉग एंट्री करावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरसी लागते. १९८९च्या आधीच्या, एमएच नसलेल्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांना हा त्रास हमखास होतो. हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या. गाडी दिसली तर स्थिती वाचा. 'एनओसी दिली' (गाडी दुसऱ्या आरटीओकडे नेण्याचं ना-हरकत पत्र) असं असेल तर गाडी एका कार्यालयातून निघाली आणि दुसऱ्या कार्यालयात पोचलीच नाही. ती एनओसी नेमकी कुठल्या आरटीओच्या नावाने दिली होती ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'रद्द' असेल तर विषय संपला. ती गाडी आता सुट्या भागांच्याच किमतीची. थकलेली चलनं आणि बँकेचा बोजाही तिथेच दिसतो. तीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा कुणी उतरवलेलाच नसतो. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. कर्ज देणारी पतपेढी बुडालेली असली तर हे पत्र मिळवणंच सगळ्यात अवघड.

सगळ्यात जास्त अर्ज मालकाच्या सहीवर अडतात. आरसीवर पहिल्या मालकाचं नाव, त्यानंतर गाडी चार हात फिरलेली, आणि विकणारा एक जुनाट पाकीट पुढे करतो: सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे विक्रीनंतर नाव बदलायचे अर्ज. या कागदांना सांगतात तितकी किंमत नाही. कायद्याच्या नजरेत मालक एकच, ज्याचं नाव आरसीवर आहे तो. वीस वर्षांपूर्वीची सही आजच्या सहीशी जुळत नाही, आणि ऑनलाइन अर्जात आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो तो त्या मालकाकडे. मूळ माणूस समोर येत नसेल तर सौदा सोडून द्या. एजंट 'करून देतो' म्हणतो, तेव्हा तो काय करणार हे विचारा. खोटी सही निघाली तर पोलीस गाडी ज्याच्या दारात आहे त्यालाच आधी धरतात.

मालक वारलेला असेल तर फॉर्म २९-३० चालतच नाहीत, मग ते त्याने जिवंतपणी सही करून ठेवलेले असोत. आधी गाडी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर जाते आणि मगच वारस ती तुम्हाला विकू शकतो. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि मूळ आरसी लागते. मालक गेल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असं नियमात आहे. घरात दुःख असताना हे कुणाला सुचत नाही, त्यामुळे उशिराचा दंड बहुतेकांना पडतोच. त्याला घाबरू नका. खरी अडचण परगावी गेलेल्या एखाद्या बहिणीच्या किंवा चुलत्याच्या सहीची असते, म्हणून किंमत ठरवण्याआधी सगळे वारस सही करणार का, एवढंच विचारा.

आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रत फॉर्म २६ ने मिळते, सोबत पोलिसांकडची हरवल्याची नोंद. हा अर्जसुद्धा आरसीवरच्या मालकानेच करायचा असतो. घेणाऱ्याने भरलेला फॉर्म २६ खिडकीवरूनच परत येतो.

आता मुदत. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. एकदा री-पासिंग, म्हणजे हे नूतनीकरण, झालं की पुन्हा पंधरा वर्षं मिळतात, हा समज चुकीचा आहे. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून देता येतो. मुदत उलटली की दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागाला, ३०० रुपये. तीन वर्षं गोठ्यात उभी राहिलेली गाडी म्हणजे १०,८०० रुपये नुसत्या उशिराचे. शिवाय वीस वर्षांवरच्या मोटरसायकलची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली आहे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. हे कोण भरणार ते सौद्यातच लिहून घ्या. री-पासिंग आधी आणि नाव बदलणं नंतर, हाच क्रम ठेवा.

री-पासिंगला गाडी समोर न्यावी लागते. निरीक्षक चॅसी नंबर बघतो आणि नव्याने रंगवलेल्या गाड्या नेमक्या इथे मार खातात. फ्रेम सँडब्लास्ट करून जाड पावडर कोटिंग मारलं की हेडस्टॉकवरचा (फ्रेमच्या पुढच्या, हँडल बसतं त्या भागावरचा) नंबर भरून जातो. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली तरी उमटत नाही. रंगाऱ्याकडे देण्याआधी नंबरावर टेप लावायला सांगा, दहा रुपयांचं काम. नंबर गेलाच तर स्वतः पंच मारू नका. आरटीओच्या परवानगीशिवाय मारलेला नंबर चोरीच्या गाडीचा समजतात. दुसरी गोष्ट इंजिन. आरसीवर क्षमता ९८ सीसी लिहिलेली असते, आणि आत आरएक्सजी किंवा आरएक्स १३५ चं १३२ सीसीचं इंजिन असतं. पाच गिअर पडले की समजा, आरएक्स १०० चार गिअरची. इंजिन बदललं असेल तर त्याचं बिल आणि आरसीवर नोंद हवी. काळी गाडी लाल केली असेल तर तीही नोंद लागते. चेंबर लावलेला (मूळचा नसलेला) सायलेन्सर त्या दिवशी तरी उतरवून मूळचा लावा.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर नावाचं काम अडवलं जातं. प्लेट बुक करताना चॅसी आणि इंजिनचे शेवटचे पाच अंक विचारतात. ते संगणकावरच्या नोंदीशी जुळले नाहीत तर चूक आधी आरटीओत दुरुस्त करावी लागते.

बाकी कागद नेहमीचे: आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं.

गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी मूळ आरटीओकडूनच आणा. ती विकणाऱ्याने काढायची. 'नंतर पाठवतो' यावर पैसे सोडू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर एमएच नंबर घ्यावाच लागतो आणि इथला करही भरावा लागतो. दिल्लीची आरडी स्वस्त मिळते, कारण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला रस्त्यावर मनाई आहे. एनओसी हातात नसेल तर ती स्वस्ताई फसवी.

'व्हिंटेज करून घेऊ, कटकट नको' असं म्हणणाऱ्यांसाठी: २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपातली गाडी. उत्पादनाच्या वर्षापासून नव्हे. सगळ्यात जुनी भारतीय आरडी सुद्धा २०३३ च्या आधी त्यात बसत नाही, आरएक्स १०० तर २०३५ च्या आधी नाहीच. आणि बसली तरी नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि गाडी प्रदर्शन-रॅलीपुरतीच. रोज कामाला नेता येत नाही.

विम्याचं एक राहून जातं. विक्रीनंतर थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर स्वतःचं नाव लावून घ्यायचं असतं.