पॉपी (बागेतली, हंगामी)

पॉपी म्हणजे खसखशीच्या कुळातली, पतंगी कागदासारख्या पातळ पाकळ्यांची हंगामी फुलझाडं. थंडीच्या तोंडाला बी पेरायचं, त्याच थंडीत फुलं बघायची आणि उन्हाळा लागला की झाड संपलं, एवढाच हिचा कारभार. नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे, थंडी इथे बऱ्यापैकी पडते, तरी बंगल्यांच्या बागांत झेंडू-शेवंती-गुलाबाच्या मानाने पॉपी कमीच. बहुतेक जण बी उशिरा पेरतात, वर बोटभर माती लोटतात आणि उगवलंच तर रोप उपटून दुसरीकडे लावतात, आणि हे तिन्ही हिला चालत नाही.

बागेसाठी मुख्यतः तीन प्रकार बघायचे. पहिली शर्ली पॉपी. युरोपात गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणारी जी लाल पॉपी, तिच्यातूनच ही निघाली. इंग्लंडमध्ये शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना १८८० च्या सुमारास बागेच्या कोपऱ्यातल्या रानपॉपींमध्ये एक फूल असं दिसलं की त्याच्या लाल पाकळ्यांना बारीक पांढरी कड होती, त्यांनी नेमकं त्याचंच बी धरलं आणि पुढे कित्येक वर्षं निवडत निवडत गुलाबी, अबोली, पांढरे रंग काढले, मधला काळा डागसुद्धा घालवला. दुसरी कॅलिफोर्निया पॉपी, केशरी, निळसर बारीक कातरलेल्या पानांची, कॅलिफोर्नियाचं हे १९०३ पासून राज्यफूल आहे. तिसरी आइसलँड पॉपी, नावात आइसलँड असलं तरी मूळची तिथली नाही, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या अतिथंड पट्ट्यातली आहे. या शेवटच्या दोघी थंड किंवा सौम्य हवेत एकाहून जास्त वर्षं टिकतात, आपल्याकडे मात्र एका हंगामाच्याच समजून लावायच्या.

याच कुळातली एक बाई आपण सगळ्यांनी बघितलेली असते, पिवळा धोत्रा. बांधावर, पडक्या प्लॉटवर, काटेरी पानं आणि पिवळं फूल, तोडलं की पिवळा चीक. मूळचं मेक्सिकोकडचं हे तण. दिसायला छान पण बी विषारी, १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन जलोदरासारखी सूज येणाऱ्या आजाराची साथ आली होती. बागेत येऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किचनमधल्या डब्यातली खसखस बागेत पेरायची नाही. गंमत म्हणूनही नाही. खसखस हे अफूच्या झाडाचं बी, खायला कायदेशीर, पण त्याचं झाड विनापरवाना लावणं हा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ खाली गुन्हा आहे, मग ते शेत असो की बाल्कनीतली कुंडी. परवाने केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतं, तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरवून दिलेल्या भागांतच, म्हणजे नाशिकमध्ये तो प्रश्नच येत नाही. ऑनलाइन बी घेताना जास्त फसगत होते, कारण 'पिओनी पॉपी' किंवा 'ब्रेडसीड पॉपी' अशा गोंडस नावाने जे येतं ते अफूचंच झाड असतं. पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव वाचायचं, 'पापाव्हर सोम्निफेरम' असेल तर घ्यायचं नाही आणि 'पापाव्हर ऱ्हियास' असेल तर ती शर्ली, खुशाल घ्या, तिच्यात मॉर्फिन नसतं. पानांवरूनही कळतं, अफूचं पान गुळगुळीत, राखाडी-निळसर आणि देठाशिवाय खोडाला मिठी मारून बसलेलं, शर्लीचं हिरवं, केसाळ, खोल कातरलेलं.

पेरणीची वेळ. पॉपीचं बी साधारण १५ ते २० अंशांत नीट उगवतं, आणि आपल्याकडे परतीचा पाऊस कधीकधी ऑक्टोबर अर्धा होईपर्यंत रेंगाळतो, म्हणून कोजागिरी झाली की वाफे करायला घ्यावेत आणि दिवाळीच्या आसपास, फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बी मातीत गेलेलं असावं. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणी उरकत आली की आपली पॉपीची वेळ, असं लक्षात ठेवलं तरी चालतं. मग अडीच-तीन महिन्यांनी, म्हणजे संक्रांत उलटल्यावर फुलं सुरू होतात. डिसेंबरात पेरलं तर झाड वाढायच्या आतच मार्चचं ऊन गाठतं आणि वीतभर झाडावर दोन फुलं येऊन खेळ संपतो. थंडीची भीती नको, निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा द्राक्षवाले रात्री शेकोट्या पेटवतात पण पॉपीची रोपं मजेत असतात.

नाशिकची काळी माती हा खरा अडथळा. पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडतात, आणि पॉपीचं सोटमूळ एकदा सडलं की झाड गेलंच. म्हणून वाफा जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट उंच करायचा, काळ्या मातीत वाळू, थोडा बारीक मुरूम आणि चाळलेलं जुनं शेणखत मिसळायचं. ताजं शेणखत नको आणि युरिया तर अजिबात नको, नुसता पाला माजतो आणि झाड लोळतं. कॅलिफोर्निया पॉपीला तर मुरमाड, गरीब मातीच आवडते, जिथे दुसरं काही येत नाही तिथे ती टाकावी. ऊन मात्र सगळ्यांनाच दिवसाचे निदान ६ तास हवं.

बी फार बारीक, शर्लीच्या एका ग्रॅममध्ये हजारो बिया बसतात, त्यामुळे नुसतं हाताने फेकलं की एकाच जागी ढीग पडतो. मूठभर कोरड्या वाळूत चिमूटभर बी कालवायचं, कुठे पडलं ते दिसावं म्हणून त्यात थोडी पांढरी रांगोळी टाकली तरी हरकत नाही, आणि वाफ्यावर भुरभुरवायचं. वर माती टाकायची नाही. हाताच्या तळव्याने हलकं दाबायचं, बस. कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. पहिल्या महायुद्धात बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या रणभूमीवर लाल पॉप्यांचे गालिचे उगवले त्यामागेही हेच, वर्षानुवर्षं मातीत गाडलेलं बी तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी उकरून वर आलं, उजेड लागला आणि रुजलं. कॅलिफोर्निया पॉपीचं बी थोडं मोठं असतं, तिला अगदी पातळ थर चालतो.

पाणी पहिले दोन आठवडे स्प्रेने किंवा अगदी बारीक झारीने, पाईप लावला की बी वाहून एका कोपऱ्यात. ८ ते १५ दिवसांत दोऱ्यासारखी रोपं दिसतात आणि मग येतं ते कुणालाच न आवडणारं काम, विरळणी. दोन झाडांत वीतभर तरी अंतर ठेवून बाकीची कात्रीने कापायची, उपटलं तर शेजारचीही मुळं हलतात. जीव होत नाही हे खरं, पण न विरळलेल्या वाफ्यात सगळीच झाडं किडकिडीत राहतात. रोपं हलवायची असतीलच तर आधीच कागदी कपात पेरून कपासकट मातीत लावावीत. फ्लॅटवाल्यांनी १२ इंची खोल कुंडीत थेट पेरून ३-४ झाडं ठेवावीत.

नोव्हेंबरात सलग ढगाळ राहिलं आणि पाणी जास्त झालं तर रोपं बुडाशी कोलमडतात. मोठ्या झाडांवर मावा येतो, पाण्याचा जोरात फवारा किंवा निंबोळी अर्क पुरतो. पानांखाली राखाडी बुरशी दिसली तर तो डावणी रोग, द्राक्षवाल्यांच्या घरी हे नाव सांगायला नको, अशी पानं काढून टाकायची आणि संध्याकाळचं पाणी बंद करायचं.

कळी येते तेव्हा मान खाली घालून असते, नवख्या माणसाला वाटतं झाडाला पाणी कमी पडलं. उमलायच्या आधी देठ आपोआप सरळ होतो, केसाळ टोपीचे दोन तुकडे गळतात आणि आतून चुरगाळलेल्या पाकळ्या बाहेर येतात. एक फूल दोन दिवस टिकलं तरी खूप, पण झाड रोज नवीन देतं, सुकलेली बोंडं काढत राहिलात तर नाशिकच्या रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या हौदांच्या, रंगपंचमीपर्यंत. सकाळी मधमाश्या परागासाठी गर्दी करतात, मध यात नसतो. कॅलिफोर्निया पॉपी संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मिटते, तेव्हा पाहुण्यांना बाग दाखवायची तर उन्हात बोलवा. फुलदाणीत ठेवायची असेल तर कळी फुटता फुटता पहाटे कापायची आणि देठाचं टोक गॅसच्या आचेवर काही सेकंद धरायचं, चीक थांबतो.

बी धरायचं तर शेवटची काही बोंडं झाडावरच तपकिरी होऊ द्यायची. शर्लीच्या बोंडाला टोपीखाली बारीक भोकं पडतात आणि वाऱ्याने मिठाच्या डबीसारखं बी सांडतं, कॅलिफोर्नियाची लांब शेंग तर फट्‌कन फुटून बी उडवते, म्हणून तिला आधीच कागदी पिशवी बांधावी. मातीत पडलेल्या बियांच्या भरवशावर राहू नये, आपला पावसाळा मोठा असतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा फ्रीजमध्ये, आणि वर नाव ठळक लिहायचं, नाहीतर दिवाळीत कुणीतरी ते अनारशांना लावेल.