विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ: लांबून गेलं तरी लवकर कसं?

इंदूरच्या राजेंद्रनगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी मुलाने पाठवलेलं तिकीट पुढे केलं. दिल्लीहून पहाटे ४ ला सुटणार, सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचणार त्याच दिवशी पहाटे ५ ला. "अरे, एका तासात अमेरिका? मग इंदूरहून दिल्लीलाच जास्त लागतो की!"

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. एक तासात साडेतेरा मिळवले की साडेचौदा तास. हा खरा प्रवास.

काकूंचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता: "किती किलोमीटर, ते सांग म्हणजे वेळ कळेल." नाही कळत. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर भरतात, आणि तो दोरा पार उत्तरेकडे आर्क्टिक महासागरावरून जातो. पण विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. वाटेत तिबेटचं पठार येतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन सुमारे १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच! शिवाय कुठल्या देशाच्या आकाशातून जाता येतं, तेही बघावं लागतं.

खरी गंमत २०१६ ची. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० ने जास्त. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. कारण वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पूर्वेला निघालेल्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, अटलांटिककडे जाणाऱ्याला समोरून अडवतात.

(खालून पृथ्वी फिरते म्हणून एकीकडे लवकर पोहोचतो, असं बरेच जण सांगतात. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तो मुद्दा बाद.)

आपल्या इंदूरकरांना हे नवं नको वाटायला. संध्याकाळी विजयनगरला जायचं तर पलासियावरून रस्ता सरळ, पण शहाणा रिक्षावाला तीन इमली, खजरानावरून रिंग रोडनेच नेतो.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर हिशेब मांडला. दिल्लीपर्यंत दीड तास, तिथे थांबणं चार, पुढे साडेचौदा. "वीस तास. म्हणजे दशम्या तीन वेळच्या."

दशम्या विमानातून उतरायच्या आत संपवा, एवढंच मी सांगितलं.