जपानी बांबू विणकाम

बांबूच्या पट्ट्या विणून टोपल्या, परड्या व फुलदाण्या घडवण्याची जपानमधील हस्तकला. बौद्ध विधींत फुले उधळण्यासाठी वापरलेल्या आठव्या शतकातील परड्या नारा येथील शोसोइन भांडारात आजही आहेत. मासे, धान्य, भाजीसाठीच्या टोपल्या गावोगाव विणल्या जात. त्यांना बैठकीत मान मिळाला तो चहासमारंभामुळे. सेन नो रिक्यू या चहागुरूने कात्सुरा नदीवरच्या कोळ्याची मासे ठेवायची टोपली मागून घेतली आणि तिच्यात फुले मांडली, अशी आख्यायिका आहे. पुढे सेन्चा या पानांच्या हिरव्या चहाच्या रसिकांत चिनी घाटाच्या नाजूक टोपल्यांना मागणी आली. ओसाकाचा पहिला हायाकावा शोकोसाई (१८१५–१८९७; हे नाव घराण्यात पुढेही चालले) हा टोपलीवर स्वतःचे नाव घालणाऱ्या सुरुवातीच्या कारागिरांपैकी होय.

टोपलीचा कस विणण्याआधीच ठरतो. लांब पेरांचा, चिवट मादाके बांबू थंडीच्या सुमारास तोडतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून किंवा आचेवर धरून त्यातले तेल काढतात आणि उन्हात वाळवतात. हिरवा रंग जाऊन तो फिकट पिवळा होतो. मग चिरकाम. बांबू उभा चिरत नेताना चीर एका अंगाला सरकली, तर कारागीर जाड अंग जास्त वाकवतो आणि चीर पुन्हा मध्यावर येते. हे मोजून होत नाही, बोटांना कळावे लागते. आतला मऊ गर काढून टाकतात. ठोकळ्यात रोवलेल्या दोन पात्यांमधून पट्टी ओढली की दोन्ही कडा तासून रुंदी एकसारखी होते. त्यानंतर जाडी साधायची, कडांची धार मारायची. नवशिक्याचा बराच काळ यातच जातो, आणि तो जायलाच हवा.

विणींमध्ये तीन दिशांच्या पट्ट्यांनी षटकोनी डोळे पाडणारी मुत्सुमे आणि घट्ट, तिरप्या नक्षीची अजिरो या विशेष प्रचलित आहेत.

क्यूशू बेटावरील बेप्पू हे या कलेचे मोठे केंद्र. गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचारासाठी मुक्काम करणारे लोक स्वयंपाकाच्या टोपल्या घेत आणि परतताना घरीही नेत. त्यातून धंदा वाढला. ओइता प्रांताची बांबूकाम शिकवणारी शाळा येथेच आहे. येथील शोनो शोउन्साई (१९०४–१९७४) यांना १९६७ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. बांबू कलावंताला तो प्रथमच मिळत होता. मात्र याच दशकात प्लास्टिकने रोजच्या टोपल्यांची जागा घेतली आणि मादाकेची बने एकाच सुमारास फुलून मोठ्या प्रमाणावर वाळली. १९७९ मध्ये बेप्पूच्या बांबूकामाला सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

आता टोपलीचा आकार सोडून शिल्पाकडे वळलेले कलावंतही आहेत. साकाईचे चौथे तानाबे चिकुउन्साई ठिपकेदार ‘वाघ बांबू’च्या पट्ट्यांची दालनभर शिल्पे उभारतात; २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात त्यांनी असे शिल्प विणले होते. प्रदर्शन संपल्यावर ते शिल्प उसवतात आणि त्याच पट्ट्या पुढच्या कामाला घेतात.